टेक्निशियन शोधताना या चुका टाळा

आमच्या फ्रिजमागून दर चार-पाच मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज यायचा आणि पुन्हा शांतता. पहिल्यांदा आलेल्या माणसाने कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला, “फार तापलाय, बदलावा लागेल,” म्हणाला आणि निघाला. मागचं झाकणसुद्धा त्याने उघडलं नव्हतं. मनाला पटेना म्हणून दुसऱ्याला बोलावलं. त्याने आधी प्लग काढला, झाकण खोललं, कॉम्प्रेसरला लागून असलेला छोटासा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा पार्ट) ओढून काढला आणि माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळत होतं. मग कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांवर मीटर लावून आकडे दाखवले. “या दोन्हींची बेरीज तिसऱ्याइतकी येतेय, आणि तार बॉडीला कुठे लागत नाहीये. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, ठीक आहेत.” रिले आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की वीज तोडणारा पार्ट) बदलल्यावर फ्रिज सुरू झाला, तो अजून चालू आहे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाहते: समोरचा माणूस आधी मोजतो की आधी पार्टचं नाव घेतो.

घाईत, पहिला दिसेल तो नंबर

पहिल्या माणसाचा नंबर मी सर्च करून, वरच दिसला म्हणून लावला होता. आपण सगळेच असं करतो, कारण फ्रिजमधलं दूध नासत असतं आणि धीर नसतो. पण कंपनीचं नाव लावून खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर इंटरनेटवर टाकणारे लोक याच घाईवर टपलेले असतात. खरा नंबर वॉरंटी कार्डावर, यंत्रावरच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळतो. फोनवरचा माणूस ओटीपी मागत असेल, एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगत असेल किंवा बुकिंगसाठी आधी पैसे पाठवा म्हणत असेल, तर तिथेच फोन ठेवा.

स्थानिक माणूस शोधायचा तर शेजाऱ्यांना विचारण्यासारखा दुसरा मार्ग नाही. फक्त “चांगला आहे का?” असं विचारू नका. काय बिघडलं होतं, त्याने काय केलं आणि सहा महिन्यांनी यंत्र कसं चालतंय, हे विचारा. ऑनलाइन रिव्ह्यूही याच नजरेने वाचा. ‘छान सर्व्हिस’ यातून काही कळत नाही. ‘ड्रेन पंप बदलला, पुन्हा तक्रार आली नाही’ हे वाक्य कामाचं.

फोनवर अर्धवट सांगणं

“मशीन चालत नाही” एवढ्यावर कुणीही योग्य पार्ट घेऊन येऊ शकत नाही, मग दुसरी फेरी आणि दुसरा व्हिजिट चार्ज. मॉडेल नंबर आधी शोधून ठेवा. फ्रिजमध्ये तो बहुधा आतल्या भिंतीवर असतो, फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये दाराच्या कडेला किंवा पाठीमागे. डिस्प्लेवर एरर कोड आला असेल तर फोटो पाठवा. तोच कोड वेगळ्या कंपनीत वेगळा अर्थ सांगू शकतो. व्हिजिट चार्ज किती आणि काम केल्यास तो बिलातून वजा होणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

फोन लावण्याआधी त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून पाहा. वॉशिंग मशीन पाणी उपसत नसेल तर ड्रेन फिल्टर (पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरची जाळी) साफ करा. वीज जाऊन लगेच आली असेल तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा. मायक्रोवेव्ह मात्र कधीच खोलू नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये) विजेचा जीवघेणा दाब साठून राहू शकतो.

“गॅस संपलाय, भरून देतो”

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते. फ्रिज किंवा एसीमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. नीट काम करणारा माणूस आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, जोड पक्का करतो, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल काढतो आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. किती आणि कोणता, हे यंत्राच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. व्हॅक्यूम पंप आणलाच नसेल तर काम सुरूच करू देऊ नका.

प्लेटवर आर-६००ए असेल तर आणखी जपा. तो आयसोब्यूटेन आहे, पेट घेतो. दोन नळ्या जोडायच्या आधी खिडक्या उघडून उरलेला गॅस बाहेर काढावा लागतो. आर-३२ चा एसीही ज्वलनशील गटातलाच, त्यामुळे “याचं काम केलंय का?” हे थेट विचारायला संकोच करू नका.

वॉरंटी न पाहणं

जुनं बिल काढून बघा. कॉम्प्रेसर आणि मोटर यांची वॉरंटी अनेकदा बाकी यंत्रापेक्षा बरीच जास्त वर्षांची असते. बाहेरच्या माणसाने आधीच खोललं असेल तर कंपनी ती नाकारू शकते.

पार्ट डोळ्यांआड जाणं

पीसीबी, म्हणजे यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दुरुस्तीसाठी बहुधा बाहेर न्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण नेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नंबर टिपा, पावती घ्या. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. प्रामाणिक माणूस तो न मागता हातात देतो. अख्खा फ्रिज न्यायचा असेल तर उभाच नेऊ द्या. आडवा न्यावाच लागला, तर परत आल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरतं.

काम झालं की बिलावर पार्टचं नाव आणि किती दिवसांची गॅरंटी हे लिहून घ्या. फ्रिज थंड होतोय की नाही हे तासाभरात कळत नाही. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा. ४ अंश किंवा त्याखाली आला नसेल तर त्याच दिवशी फोन करा.