राइड-ऑन मोअर सुरू होत नाही? आधी किल्ली फिरवा आणि ऐका

गवत कापायच्या राइड-ऑन मोअरच्या दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांना मी पहिली सवय लावतो ती ऐकण्याची. पाना हातात घेण्याआधी किल्ली फिरवायची आणि कान द्यायचा. ‘सुरू होत नाही’ ही गिऱ्हाइकाची तक्रार झाली, बिघाड अजून कळलेला नाही. किल्ली फिरवल्यावर काहीच होत नाही, की नुसता ‘टक्’ येतो? इंजिन अर्धवट फिरून अडतं, की छान फिरतं पण पकडत नाही? हे ठरेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. अंदाजाने पार्ट बदलत जाणारा मेकॅनिक कधीतरी बरोबर पार्टापर्यंत पोचतोही, पण खर्च गिऱ्हाइकाचा होतो आणि शिकणं कुणाचंच होत नाही.

काहीच होत नसेल तर आधी फ्यूज आणि सेफ्टी स्विच बघा. ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं आणि पात्यांचा स्विच बंद असल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. काही मॉडेलांत सीटवर माणूसही बसलेला लागतो. पेडलखालचा स्विच गवताच्या चुऱ्याने अडकणं तर नेहमीचंच. नुसता ‘टक्’ येत असेल तर मल्टीमीटर काढा. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते, पण तेवढ्यावर विसंबू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली येतं ते बघा. साडेनऊच्याही खाली गेलं तर आधी बॅटरीवर संशय घ्यायचा. बॅटरी टिकून आहे आणि तरीही सेल्फ फिरत नाही? मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या बॉडीला लावून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी अर्थिंगमध्ये गंज आहे असं समजा. सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची पाळी त्यानंतर.

आता अर्धवट फिरून अडणाऱ्या इंजिनाकडे वळू. नवा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे. सेल्फ मारला की वरच्या जाळीतून दिसणारा पंखा अर्धा फेरा घेतो, धप्प करून थांबतो, मग जोर लावून जेमतेम पुढे सरकतो. कुणालाही वाटेल बॅटरी उतरली. नवी बॅटरी घालूनही तेच होत असलेली कितीतरी यंत्रं माझ्याकडे आली आहेत. पहिलं काम म्हणजे प्लग काढून सेल्फ मारणं. मात्र प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका आणि प्लगची वायर तिथून लांब ठेवा. भोकातून पेट्रोलची चिळकांडी उडाली तर कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे आणि सिलिंडर भरून गेलाय. डिपस्टिक काढून वास घ्या. तेलाची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

काहीच उडालं नाही आणि प्लगशिवाय इंजिन भर्रकन फिरलं, तर सेल्फ आणि बॅटरी बहुधा ठीक आहेत. मग टॅपेट बघायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातला गॅप. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनाचं पूर्ण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा जोर, एवढ्याशा सेल्फला झेपत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक सोय असते: इंजिन हळू फिरत असताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते आणि थोडा दाब बाहेर सोडते. ही उचल मिलिमीटरच्या छोट्याशा हिश्शाएवढीच असते. वापराने टॅपेटचा गॅप वाढला की ती सगळी उचल गॅपमध्येच जिरते, व्हॉल्व्ह हलतच नाही आणि सेल्फ पूर्ण दाबाला धडकतो.

सेटिंग थंड इंजिनावर करायचं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणा आणि तिथून साधारण 6 मिमी खाली जाऊ द्या, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह नक्की मोकळे असतात. बऱ्याच सिंगल सिलिंडर इंजिनांत इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) गॅप 0.10 ते 0.15 मिमी असतो, पण आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच धरा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलकीशी अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण आवळताना तो हमखास हलतो. एवढ्या कामावर, एकही पार्ट न बदलता, तेच इंजिन एका दमात फिरायला लागतं. मला या धंद्यातलं हे सगळ्यात समाधानाचं काम वाटतं.

इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही, तर स्पार्क आणि पेट्रोल. स्पार्क टेस्टर लावा. स्पार्क नसेल तर लगेच कॉइल (स्पार्क तयार करणारा भाग) मागवू नका. किल्ली बंद केल्यावर एक बारीक वायर कॉइलला अर्थ करते आणि इंजिन थांबतं. हीच वायर कुठे घासून किंवा उंदरांनी कुरतडून बॉडीला टेकली असेल तर स्पार्क कायमचाच मरतो. ती कॉइलकडून सोडून बघा. स्पार्क आला तर कॉइल चांगली आहे, बिघाड वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. वायर पुन्हा जोडायला विसरू नका, नाहीतर किल्लीने इंजिन बंद होणार नाही.

स्पार्क आहे? मग प्लग बघा. भरपूर सेल्फ मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. फिल्टर, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, पंपाची नळी पटापट तपासा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालच्या, पेट्रोल उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सोलेनॉइडवर बोट ठेवून किल्ली ऑन करा. ‘टिक्’ जाणवलं पाहिजे. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल मात्र सरळ काढून टाका. वाटी उघडली की तळाशी चिकट पिवळा थर आणि पांढरी भुकटी दिसते, त्यातलाच कण मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात बसलेला असतो. जेट कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार खुपसून भोक मोठं केलंत तर इंजिन पुढे कायम काळा धूर सोडेल.

इंजिन सुरू झालं की काम संपलं असं नाही. तपासताना बायपास केलेला प्रत्येक स्विच परत जोडा. मग मोकळ्या जागेत, आसपास कुणी नसताना, पाती चालू ठेवून सीटवरून किंचित उठा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर मोअर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही.