सीएसएसडीत (हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात) नवीन लागलेल्यांनी ओल्या पॅकपासून जपा

कापडात बांधलेली हत्यारं आणि लिनन (म्हणजे पॅक) वाफेने निर्जंतुक करणाऱ्या साध्या ऑटोक्लेव्हला 121 अंशाला 15 पौंड दाबावर 30 मिनिटं, आधी हवा खेचून घेणाऱ्या प्री-व्हॅक्यूम मशीनला 134 अंशाला 3 ते 4 मिनिटं, हे सगळ्यांना पाठ असतं. कोकणात घात होतो तो त्याच्या पुढे, सुकवणीत.

जूनमध्ये झड लागली की धुतलेला लिननच नीट वाळत नाही. तो तसाच बांधला, वर चेंबर ठासून भरला, की पॅक ओला बाहेर येतो. पॅकवर चिकटवलेल्या इंडिकेटर टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या दिसतात आणि माणूस फसतो. टेप फक्त पॅकला वाफेची आच लागल्याचं सांगते. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू ओलीबरोबर आत शिरतात, म्हणून ओला पॅक निर्जंतुक धरायचाच नाही. पंख्याखाली वाळवून देणं हा तर गुन्हाच. पॅक सोडा, कोरड्या लिननमध्ये पुन्हा बांधा, पूर्ण सायकल पुन्हा लावा. मध्येच लाईट गेली तरी तेच: सायकल पहिल्यापासून.

हत्यारांचे जड ट्रे खालच्या कप्प्यात, लिनन वरच्या. नाहीतर धातूवरचं पाणी कापडावर ठिबकतं. पॅक उभे ठेवा, मध्ये हात जाईल एवढी फट. पॅक ठेवायच्या स्टीलच्या ड्रमची भोकं आत घालताना उघडी, बाहेर काढताच बंद. दाब शून्यावर आला की दार बोटभर उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग जाळीच्या रॅकवर. गरम पॅक कडप्प्याच्या ओट्यावर टेकवलात की थंड दगडामुळे खालून घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. निवेपर्यंत हात लावू नका.

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) "लगेच द्या" म्हणून ओरड होईल. होऊ दे. सिस्टरना स्पष्ट सांगा, "पॅक ओला आहे, देता येणार नाही." सुरुवातीला जीभ अडखळते, सगळ्यांचीच. महिन्याभरात तुमचा नकार त्यांना पटू लागतो.

शिकायचं तर जुन्या ओटी-मामांकडून, म्हणजे ओटीतल्या मदतनीसांकडून. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर बटणं दाखवून जातो. बांधणीचा हात मामांकडेच असतो. फक्त हत्यारं हायपोक्लोराइटमध्ये तासन्‌तास बुडवायची त्यांची सवय उचलू नका, स्टीलला खड्डे पडतात.

प्री-व्हॅक्यूम मशीनमधली हवा पूर्ण निघते का ते बघणारी बोवी-डिक चाचणी रोज पहिल्या सायकलला, रिकाम्या चेंबरमध्ये. आणि ओला पॅक निघाला की रजिस्टरमध्ये तारीख, सायकल नंबर, कप्पा लिहा. तोच कप्पा पुन्हापुन्हा ओला निघत असेल तर चूक तुमच्या हाताची नसेलही. चेंबरच्या ड्रेनची जाळी काढून बघा, धाग्यांनी तुंबलेली असते.