जुन्या साडीला कात्री लावण्याआधी

जुन्या कपड्यांतून नव्या वस्तू करायला माझ्याकडे शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक बाई पहिल्या दिवशी एक मोठं गाठोडं घेऊन येते. नवऱ्याचे शर्ट, मुलांचे टी-शर्ट, सासूबाईंच्या साड्या, फाटकी जीन्स, पडद्याचे उरलेले तुकडे. गाठोडं सोडायच्या आधीच विचारते, "ताई, यातून काय काय करता येईल?" मी सगळं सतरंजीवर पसरते आणि आम्ही दोघी मिळून आधी न चालणारं बाजूला काढतो. तासाभराने चालणारा ढीग निम्म्याहून लहान झालेला असतो आणि ती जरा हिरमुसते. तरी पहिला दिवस मी असाच घालवते, कारण जुन्या कपड्यांच्या या कामात शिवण दुसऱ्या नंबरवर येते. आधी कापड ओळखता आलं पाहिजे.

हे मी आजीकडून शिकायला हवं होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. आजी लुगडं टाकून देत नसे. मधे विरलं की विरलेला भाग काढायची आणि दोन्ही धड तुकडे जोडून दंड घालायची. दंडाचं लुगडं आणखी वर्षभर घरात नेसायला व्हायचं. मग त्यातूनच कुणाच्या बाळाला दुपटं निघायचं, उरलेलं वाकळेत जायचं, आणि अगदी शेवटच्या चिंध्यांची चुंबळ नाहीतर पोतेरं. कुठल्या कापडात अजून किती जीव आहे हे ती बोटांनी चाचपून सांगायची. मी तेव्हा शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे. बोटं कशी फिरतात याकडे मात्र कधी लक्ष दिलं नाही.

माझं काम सुरू झालं २०१८ मध्ये. त्या वर्षी २३ मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनच्या अखेरीस दंड सुरू झाला आणि आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सगळ्यांना एकदमच कापडी पिशव्या हव्याशा झाल्या. माझ्याकडे पायमशीन होतं आणि माळ्यावर जुन्या चादरी होत्या. आठ दिवसांत चाळीस पिशव्या शिवल्या, साठ रुपयाला एक. पंधरा दिवसांनी त्या परत यायला लागल्या. पिशवी धड, बंद तुटलेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंची पिशवी तर भाजी मंडईच्या पायऱ्यांवर सुटली आणि टोमॅटो रस्ताभर गेले. मी सगळ्यांना बंद परत लावून दिले. पैसे घेतले नाहीत.

चूक कुठे झाली ते पिशव्या उलट्या करून पाहिल्यावर कळलं. टाके मजबूत होते, टाक्यांच्या भोवतीचं कापड फाटलं होतं. वापरलेल्या चादरीचा मधला भाग अंग घासून झिजलेला असतो आणि मी नेमका तोच बंदांच्या जागी घेतला होता. आता बंद लावायच्या जागी आतून जीन्सचा तीन इंची चौकोन ठेवते, बंद दीड इंच खाली घेते आणि चौकट मारून तिच्यात फुली मारते. नवीन नमुना केला की त्यात ५ किलो गहू भरून रात्रभर खुंटीला टांगते. सकाळी बंदाजवळचं कापड ताणलेलं दिसलं तर तो नमुना विकायला काढत नाही. तुम्हीही पहिली पिशवी कुणाला द्यायच्या आधी एवढं कराच.

कापड ओळखायचं कसं, ते आता सविस्तर सांगते.

कपडा उजेडासमोर धरा. खिडकीत नाहीतर दारात उभं राहून. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड बाहेरच्या बाजूंना दाबत ओढा, एकदा उभ्या धाग्यावर, एकदा आडव्या. चर्र आवाज आला तर ते कापड गोधडीच्या वरच्या थराला नको. साडीत खालची कडा टाचेपाशी झिजते आणि निऱ्या खोचायची जागा कमरेशी विरते. पदर बऱ्याचदा शेवटपर्यंत धड राहतो. फॉल उसवून घ्या, फेकू नका. सुती असला तर गोट लावायला त्याच्यासारखी तयार पट्टी मिळत नाही.

सुती आहे की पॉलिस्टर, हे हाताला नेहमी कळतंच असं नाही. कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने सहज चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. अंगावर घ्यायची गोधडी, बाळाचं दुपटं, भांडी धरायची फडकी, यांना मी सुतीशिवाय काही वापरत नाही. गरम भांड्याला पॉलिस्टर लागलं तर वितळून हाताला चिकटू शकतं. जुनं रेशीम घड्यांवर चिरत जातं, ते गोधडीत टिकत नाही. मागे कॅनव्हास लावून त्याचे बटवे करावेत. जरीची साडी असेल तर कापण्याआधी मालकिणीला विचारायचंच, खऱ्या जरीला मोल असतं.

आणि रंग. याबद्दल मला थोडं थांबून सांगायचं आहे.

एका बाईंनी त्यांच्या गेलेल्या आईच्या पाच साड्या आणून दिल्या होत्या. गोधडी करायची होती, त्यांच्या मुलीच्या लग्नात द्यायला. त्यातली एक मरून, एक मलईच्या रंगाची, बारीक निळ्या काठाची. मी दोन्ही शेजारी घेतल्या, चांगल्या दिसत होत्या. बावीस दिवस हाताने शिवली. शेवटी एकदा धुऊन द्यावी म्हणून भिजवली आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर मलईच्या पट्ट्यावर गुलाबी लाट चढली होती, काठापासून थेट मधल्या चौकोनापर्यंत. मी ती गोधडी न पिळता बाथरूमच्या दांडीवर टाकली आणि तिथेच खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून जे झालं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तो पट्टा हातात धरून बसल्या. मी वरचा थर उसवला. मलईच्या साडीतला न वापरलेला भाग माझ्याकडे जपून ठेवलेला होता म्हणून निभावलं. मरूनच्या जागी त्यांच्याच दुसऱ्या साडीचा हिरवा घेतला. आणखी अकरा दिवस गेले.

तेव्हापासून प्रत्येक गडद कपड्याचा कोपरा पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून गरम पाण्यात अर्धा तास ठेवते. फडकं रंगलं तर तो कपडा फिक्या रंगाशेजारी जात नाही, मग तो कितीही सुंदर असो. मिठाने रंग पक्का होतो असं पुष्कळ जणी सांगतात. माझ्या हातून तरी मिठाने सुटता रंग कधी थांबला नाही. आणि कुणाच्याही कपड्याचे उरलेले तुकडे काम पूर्ण पोचेपर्यंत टाकायचे नाहीत.

आता गोधडीचा हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. तिचे ७२ इंचांचे तीन तुकडे होतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की ७२ बाय ९० चा एक थर. म्हणजे दोन साड्यांचे सहा तुकडे आणि त्यांचे तीन थर. दोघांना पुरणारी पातळ गोधडी एवढ्यात होते. ऊब जास्त हवी असेल तर आत विरलेल्या साड्यांचे थर घाला, कारण वरून-खालून धड कापड असल्यावर आतलं विरलेलं निवांत टिकतं. थर जमिनीवर पसरून हाताने सुरकुत्या बाहेरच्या बाजूला काढायच्या आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्यायचे. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून नवीन मुली टाळतात आणि मग मधे कापड गोळा होतं. ते नंतर कशानेही सरळ होत नाही.

शिवण धावदोऱ्याची. जाड सुती दोरा, लांबी आपल्या हाताएवढीच, मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतलेला, म्हणजे गुंतत नाही. कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत, ओळींमधे बोटभर अंतर. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून मधे शिवत जातात, तुकडे लावत लावतच, आणि कोपऱ्यांना घड्यांची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालात कांथ्यासाठी, म्हणजे तिथल्या भरतकामाच्या गोधडीसाठी, जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत धागे ओढून काढायची रीत होती. मी एकदा सुती साडीच्या काठातून असे धागे काढून पाहिले. हात लांबीचा धागा सलग निघाला, पण दोनशे टाक्यांतच तुटायला लागला. आता ते धागे फक्त भरतकामाने नाव काढायला वापरते.

मशीनवर गोधडी शिवू नये असं मी म्हणणार नाही. थर तीनच असतील, १६ नंबरची सुई असेल आणि टीप मोठी ठेवली तर चांगली होते, लवकर होते, परवडते. हाताची मऊ राहते. गिऱ्हाइकाला दोन्ही हातात देऊन निवडू द्यावं.

जीन्सच्या बाबतीत एकच सांगते: चारपदरी शिलाईवर मशीन चालवण्याआधी ती जागा हातोडीने ठोकून चपटी करा, नाहीतर सुई तुटून डोळ्याकडे उडते. जुन्या टी-शर्टच्या खालच्या कडेपासून बगलेपर्यंत एक इंचाची गोल गोल सलग पट्टी कापत जा आणि ती ओढा. आपोआप वळून दोरीसारखी होते. अशा तीन दोऱ्यांची वेणी घालून गोल शिवत गेलात की पायपुसणं तयार. नवशिक्यांनी पहिली वस्तू हीच करावी, कारण त्यात कापड वाया जात नाही आणि संध्याकाळपर्यंत हातात काहीतरी पुरं झालेलं असतं. बाटल्या रंगवणं, कागदाच्या टोपल्या, सीडीची तोरणं हे मुलांबरोबर सुट्टीत जरूर करा. उत्पन्नासाठी मला ते पटत नाही. लोक एकदा कौतुकाने घेतात, पुन्हा मागायला येत नाहीत. रोज हाताळली जाणारी वस्तू झिजते आणि गिऱ्हाईक परत येतं.

किमतीचं फार जणींना अवघड जातं. कापड जुनं म्हणजे फुकट, असं आपल्याच मनात असतं. मी तीन महिने वहीत वेळ लिहून ठेवला: उसवणं, धुणं, वाळवणं, इस्त्री, कापणं, शिवणं. पिशवीला शिवायला चाळीस मिनिटं आणि त्याआधीच्या कामाला पन्नास मिनिटं लागत होती. साठ रुपयांत दोऱ्याचे पैसे वजा जाऊन तासाला पस्तीस रुपयेही पडत नव्हते. आता तीच पिशवी दोनशे वीसला देते. हाताची गोधडी सत्तर तासांची असते, गिऱ्हाइकाच्याच साड्या असल्या तर साडेचार हजार घेते. "जुन्यातलंच तर आहे" असं कुणी म्हटलं की मी वही दाखवते. काही जण तरीही निघून जातात. त्यांच्यासाठी किंमत कमी करू नका. त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या बाईला तुम्ही मग खरी किंमत सांगू शकत नाही.

कपडे मिळवायला अडचण येत नाही. शिंप्याकडचं कातरण किलोवर मिळतं, आणि बोहारणीकडे चांगल्या सुती साड्या असतात. तिला रास्त पैसे द्या, ती दारोदार भांडी डोक्यावर घेऊन हिंडून त्या मिळवते. आलेला प्रत्येक कपडा गरम पाण्यात धुऊन दोन कडक उन्हं दाखवल्याशिवाय घरातल्या कपड्यांजवळ ठेवायचा नाही.

शिवण मुळापासून शिकायची असेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. तिच्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका एजंटाने दीड हजार रुपये घेतले होते. प्रदर्शनात स्टॉल घेणार असाल तर पहिल्या वर्षी बचत गटाबरोबर अर्धा स्टॉल घ्या. पुण्याच्या भीमथडी जत्रेत मी दोन दिवस नुसती फिरले होते, लोक कुठल्या वस्तू उचलून उलटून पाहतात ते बघत. शिवण आतून पाहणारे बरेच असतात.

गेल्या आठवड्यात एक मुलगी सासूबाईंची साडी घेऊन आली. उजेडात धरली तेव्हा निऱ्यांच्या जागी रुपयाएवढं रफू दिसलं, इतकं बारीक की आधी डाग वाटला. तिला ठाऊक नव्हतं. घरी फोन करून विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते मीच केलंय, तुझ्या दिराच्या बारशाच्या आदल्या रात्री." ती मला विचारत होती की हा तुकडा आतल्या थरात घालू का. मी अंगठ्यांनी ओढून पाहिलं. रफूच्या भोवतालचं कापड धड होतं. तिने तो तुकडा वर घेतला, उशीच्या बाजूला, आणि त्याच्या चारी बाजूंनी कच्चे टाके घालायला बसली.