टी-शर्ट डिझाइनच्या ऑनलाइन स्पर्धेत उतरायचंय? नागपुरात बसून हे करा

'नागपूरवर एक टी-शर्ट कर' असं कुणालाही सांगा, कागदावर तीनच गोष्टी उतरतात : झिरो माईलचा खांब, संत्रं आणि वाघ. तिन्हींत वाईट काही नाही. अडचण एवढीच की शेजारच्यानंही तेच काढलेलं असतं. ऑनलाइन स्पर्धेत मत देणारा माणूस एका बैठकीत ढीगभर डिझाइन्स बघतो आणि त्यातली बहुतेक मोबाइलवर अंगठ्यानं वर सरकवत बघतो. संत्रं जरूर काढा, पण त्या संत्र्याचं तुम्ही काय केलंत हे त्या सरकत्या अंगठ्याला कळलं पाहिजे.

ज्यांचा हात चित्रात बसलेला आहे, पण कापडावर छापण्यासाठी ज्यांनी कधी काही काढलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी अटी वाचा

स्पर्धा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार लोकांच्या मतांवर चालणारा. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या थ्रेडलेसनं तो रूढ केला : कुणीही डिझाइन टाकायचं, लोकांनी गुण द्यायचे, वर आलेली डिझाइन्स छापून विकायची आणि चित्रकाराला मोबदला द्यायचा. दुसरा प्रकार एखाद्या ब्रँडचा किंवा कॉलेजच्या महोत्सवाचा. तिथं विषय ठरलेला असतो आणि निकाल परीक्षक देतात. तिसरा सरकारी. मायगव्हसारख्या पोर्टलवर लोगो, पोस्टर वगैरेंच्या स्पर्धा सतत चालू असतात. तिथं जिंकलेल्या कामाचे हक्क बहुधा त्या खात्याकडे जातात, हे धरून चाला.

बक्षिसाची रक्कम ठळक छापलेली असते, ती आपोआप दिसते. तुम्ही शोधायचं ते हक्कांचं कलम. जिंकलात तर हक्क कायमचे जाणार की ठरावीक मुदतीसाठी? फक्त टी-शर्टपुरते की कॉफीचे मग, पिशव्या, पोस्टर सगळ्यासाठी? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हरलात तर काय? न जिंकलेल्या प्रवेशिकांचेही हक्क आयोजकांकडे राहतील, असं जिथं लिहिलेलं असेल, तिथून उठा. तिथं बक्षिसाच्या नावाखाली फुकटात डिझाइन्स गोळा करणं चाललेलं असतं. प्रवेश शुल्क मागणाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. परदेशी स्पर्धेच्या अटी मात्र बहुतेक वेळा त्यांच्या देशाच्या कायद्यानं चालतात, म्हणून तिथं प्रत्येक ओळ वाचा.

शेवटच्या तारखेपुढे कुठली वेळ लिहिली आहे तेही बघा. शिकागोच्या वेळेनं मध्यरात्री बंद होणारी स्पर्धा उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेदहाला बंद होते, हिवाळ्यात साडेअकराला.

एकच गोष्ट, पण पूर्ण

आता संत्र्याकडे येऊ. नुसतं संत्रं म्हणजे फळाचं चित्र. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळत असताना नागपूरकराच्या डोक्यात सूर्याशिवाय दुसरं असतं काय? मग सूर्यच संत्रं करा. क्षितिजावर अर्धा सोललेला सूर्य, त्याची साल गोल गोल सुटत खाली रस्ता होऊन आलेली आणि त्या रस्त्यावर तोंडाला दुपट्टा बांधलेली एक स्कूटरवाली. ज्याला नागपूर नकाशावर दाखवता येत नाही, त्यालाही सोललेला सूर्य कळतो. ज्याला नागपूर माहीत आहे त्याला दुपट्टा बोनस. जगभरातल्या लोकांसमोर जाणाऱ्या स्पर्धेसाठी हीच परीक्षा लावा : गाव माहीत नसताना डिझाइन उभं राहतं का?

अशी कल्पना पहिल्या झटक्यात येत नाही. एका कागदावर आगपेटीएवढे चौकोन आखा आणि प्रत्येकात एक कल्पना जाड पेननं काढा. बारीक पेन हातात घेऊ नका, तपशिलात रमाल. त्या आकारात जे कळत नाही ते मोबाइलवरही कळणार नाही.

वाघाबद्दल एक सावधगिरी. ताडोबा-पेंचचे सुंदर फोटो नेटवर भरपूर आहेत, पण प्रत्येक फोटोचा मालक कुणीतरी आहे. त्यावरून जसंच्या तसं ट्रेस केलेलं डिझाइन पकडलं जातं, आणि पकडणारे बहुधा इतर स्पर्धकच असतात. चार-पाच फोटो बघून शरीररचना समजून घ्या आणि मग ते सगळे बंद करून काढा. सिनेमातले संवाद, क्रिकेट संघांची चिन्हं, नटांचे चेहरे यांच्याही वाट्याला जाऊ नका.

रंग : इथंच बहुतेकांचं गणित चुकतं

पडद्यावर रंग फुकट असतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई कापडावर उतरवताना, प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, वेगळी फिल्म लागते, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसवावा लागतो. म्हणून बऱ्याच स्पर्धा रंगांची मर्यादा घालतात. शिवाय गडद कापडावर उजळ रंग थेट छापला तर तो मळकट दिसतो, म्हणून खाली आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. काळ्या टी-शर्टवरचं आपलं तीन रंगांचं संत्रं प्रत्यक्षात चार फ्रेमचं काम होतं.

यावर उत्तम तोड म्हणजे कापडाचाच रंग वापरणं. मारबतीचं उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी आणि काळी मारबत म्हणजे बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि 'इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी घुमते. हे सगळं रंगवायला गेलात तर आठ रंगही पुरणार नाहीत. पण काळा टी-शर्ट घ्या आणि फक्त पिवळा रंग. पिवळी मारबत छापलेली. तिच्या शेजारी काळी मारबत मात्र छापायचीच नाही : मागच्या गर्दीचा पिवळा ठसा जिथं थांबतो, तिथं उरलेल्या कोऱ्या कापडातून तिचा आकार उभा राहतो. डोळ्यांची बुबुळं आणि दागिने तेवढे पिवळ्यात. डिझाइन एका रंगाचं, खालचा पांढरा थर धरूनही दोनच फ्रेमचं, आणि बघणाऱ्याला दोघी दिसतात.

छटा हवी असेल तर हाफटोन वापरा, म्हणजे एकाच रंगाचे लहान-मोठे ठिपके. कापडासाठी इंचाला ठिपक्यांच्या ४५ ते ५५ ओळी पुरे. त्याहून बारीक ठिपके छपाईत एकमेकांत मिसळतात किंवा टिकतच नाहीत. ब्रशच्या धूसर, अर्धपारदर्शक कडा आणि मऊ सावल्या टाळा. डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग कापडावर चिकटवणं) किंवा डीटीजी (थेट कापडावर डिजिटल छपाई) पद्धतीत रंगांची मर्यादा नसते हे खरं, पण त्या धूसर कडेखालीही पांढरा थर जातो आणि गडद कापडावर आकाराभोवती पांढुरकी किनार दिसू लागते.

पडद्यावर चमकणारा हिरवा किंवा निऑन गुलाबी कापडावर तसाच उतरेल अशी आशा ठेवू नका. छपाईवाल्याकडून रंगांचं शेडकार्ड बघायला मागा आणि त्यातून रंग निवडा.

मराठी अक्षरं

मराठी मंडळींसाठीच्या स्पर्धेत आपल्या सूर्याखाली एक ओळ शोभेल : 'काहून तापून रायला बे?' इथं प्रमाण भाषा आणलीत तर मजाच गेली.

देवनागरी टाइप करताना पहिली तपासणी 'विदर्भ' या शब्दानं करा. त्यात वेलांटीही आहे आणि रफारही. सॉफ्टवेअरची मांडणी चुकीची असेल तर वेलांटी 'व'च्या आधी न येता नंतर जाऊन पडते आणि रफाराऐवजी पाय मोडका 'र' 'भ'च्या आधी उभा राहतो. मुंबई-पुण्यातल्या दुकानांच्या पाट्यांवरही हा प्रकार बघायला मिळतो, पण म्हणून तो टी-शर्टवर चालत नाही. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी मुळातच नीट दाखवतं.

मजकूर पक्का झाला की अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या नुसत्या आकारांत, रूपांतर करा, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर चौकोन उमटतील. इथं खास आपली एक अडचण येते. आउटलाइन केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी होते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. भरीव रंगात हे दिसत नाही. अक्षरांना बाहेरून किनार दिलीत की प्रत्येक जोडावर बारीक उभी रेघ दिसते. म्हणून किनार देण्याआधी 'युनियन' करून सगळी अक्षरं एकजीव करा. 'क्ष', 'ळ', 'ज्ञ' यांच्या पोकळ्या रंगानं भरून जातात, त्या थोड्या मोठ्या करून घ्या. अनुस्वाराचं टिंबही जरा जाडच ठेवा.

फॉन्टचा परवाना बघायला विसरू नका. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यापारी कामालाही चालतात. स्वतःच्या हातानं अक्षरं काढता येत असतील तर प्रश्नच मिटला, आणि मतंही त्याला जास्त मिळतात असं माझं निरीक्षण आहे.

फाइल

स्पर्धेचा टेम्प्लेट असेल तर त्यातच काम करा. नसेल तर १२ बाय १६ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेल. त्याहून रुंद केलंत तर लहान मापाच्या टी-शर्टवर छपाई काखेपर्यंत जाते. रेघ एक पॉइंटपेक्षा बारीक नको. पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. पांढऱ्या चौकोनासकट आलेलं डिझाइन परीक्षक पुढे बघतच नाहीत. प्रत्येक रंग वेगळ्या लेयरवर असू द्या.

एकदा छापून बघा

शक्य असेल तर एक नमुना खरंच छापून घ्या. नागपुरात स्क्रीन प्रिंटिंग करणारे पुष्कळ आहेत. एका टी-शर्टसाठी फ्रेम बनवायला कुणी तयार होणार नाही, झाला तरी परवडणार नाही, म्हणून एक प्रत डीटीएफवर काढून घ्या. छापणाऱ्याला एकच विचारा : 'हे स्क्रीन प्रिंटिंगनं करायचं म्हटलं तर कुठं अडेल?' तो ज्या कोपऱ्यावर बोट ठेवेल तो कोपरा दुरुस्त करा.

मग तो टी-शर्ट एखाद्या मित्राला घालायला लावा आणि फुटाळा तलावाच्या काठावर वीस पावलांवरून बघा. सपाट पडद्यावर छातीच्या मधोमध दिसणारी गोष्ट अंगावर चार बोटं खाली आलेली असते, आणि खाली आलेलं डिझाइन पोटावर ताणलं जातं. गळ्यापासून तीन इंच खाली सुरुवात केली तर बहुतेक मापांना जमून जातं.

पाठवल्यावर

प्रवेशिकेतलं मोठं चित्र डिझाइनचंच असू द्या, टी-शर्ट घातलेला मॉडेल दुय्यम. नाव छोटं ठेवा, वर्णन दोन ओळींचं. मारबतीसारखा विषय असेल तर ती काय आहे हे एका वाक्यात सांगा, पण समजावत बसू नका. मतांसाठी कॉलेजच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायला हरकत नाही. मात्र एकाच दिवशी नव्या खात्यांवरून मतांचा पाऊस पडला तर अशी मतं रद्द होऊ शकतात. काकांना आधी खातं उघडायला लावून मग मत द्यायला सांगणं म्हणूनच महागात पडतं.

अमेरिकन कंपनीकडून रॉयल्टी मिळणार असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो भरला नाही तर तिथं ३० टक्के कर कापला जातो. भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर साधारण १५ टक्के. इकडच्या विवरणपत्रात ते कसं दाखवायचं हे सीएला विचारा.

हरलात आणि हक्क तुमच्याकडेच असतील तर तेच डिझाइन रेडबबलसारख्या मागणीनुसार छापणाऱ्या साइटवर चढवता येतं, किंवा थोडं बदलून पुढच्या स्पर्धेत धाडता येतं. त्यासाठी लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवा, फक्त पीएनजी ठेवून भागत नाही. जिंकलात तरी छपाईच्या आधी रंगनिहाय फाइल मागणारा मेल पहिल्या आठवड्यातच येतो.