गोव्यात डिटेक्टिव्ह व्हायचंय? आधी उतारा वाचायला शिका

फोंड्यात माझं दहा बाय बाराचं डिटेक्टिव्ह ऑफिस आहे. त्याआधी सहा वर्षं विम्याच्या दाव्यांची पडताळणी करत फिरले. अपघात म्हणतात तिथंच झाला का, गाडी नेमकं कोण चालवत होतं, हॉस्पिटलची बिलं खरी का, हे बघायचं काम. हल्ली मुलामुलींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, कॅमेरा कुठला घेऊ?’ कॅमेऱ्याचं नंतर बघू.

आधी लायसन्सचं बोलते, कारण त्यात पोरं फसतात. खासगी गुप्तहेरांना परवाना देणारा कायदा आपल्या देशात नाही. 2007 साली राज्यसभेत तसं विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. 2005 चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे तो वॉचमन, गार्ड पुरवणाऱ्यांसाठी. त्यामुळे कोणी कोर्स करा, सरकारी डिटेक्टिव्हचं कार्ड देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. दुकान व आस्थापना कायद्याखाली नोंदणी, पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना, पॅन, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी, एवढं करून काम सुरू होतं. ओळखपत्रावर अशोकस्तंभ छापू नका आणि दारात उभं राहून ‘पोलिसांकडून आलोय’ म्हणू नका. सरकारी नोकर असल्याची बतावणी हा गुन्हा आहे.

आता गोव्यातलं काम. इथं सगळ्यात जास्त येतं ते जमिनीचं. मालक पोर्तुगालला, इंग्लंडला नाहीतर आखातात, घराला कुलूप, आणि एक दिवस कळतं की भाट, म्हणजे बागायतीची जमीन, कुणीतरी विकून टाकलं. खोटे दस्त करून जमिनी लाटल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की 2022 मध्ये सरकारला त्यासाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणून सांगते, पहिले तीन महिने फक्त कागद वाचा. फॉर्म 1 व 14 चा उतारा, ज्याला सगळे ‘वन-फोर्टीन’ म्हणतात, तो सर्व्हे नंबर घालून ऑनलाइन दिसतो. कब्जेदाराच्या नावाशेजारी म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा, क्रमांक असतो. नवशिका नाव वाचून उतारा मिटतो. तुम्ही तो क्रमांक टिपा आणि मामलेदार कचेरीत जाऊन ते प्रकरण काढा. नाव कुठल्या दस्तावर चढलं ते तिथं कळतं. मग सब-रजिस्ट्रारकडे तो दस्त, आणि तोही जुना असेल तर पणजीचं पुराभिलेख, म्हणजे जुन्या कागदांचं सरकारी दफ्तर. तिथले कागद पोर्तुगीजमध्ये असतात, तेव्हा वाचून देणारा एखादा जुना माणूस जोडून ठेवा.

बार्देशातल्या एका गावातलं प्रकरण सांगते. दस्त स्वच्छ होता, मुखत्यारपत्रावर मालकाची सही होती, साक्षीदारही होते. घर दाखवायला आलेल्या शेजारणीनं सहज म्हटलं, ‘तो बरो मनीस आशिल्लो.’ म्हणजे मालक चांगला माणूस होता. ‘होता’ ऐकून मी थांबले. मी चर्चच्या दफनभूमीत गेले, शेवाळलेल्या दगडावरून हात फिरवला आणि मरणाची तारीख वाचली. मुखत्यारपत्र त्यानंतर चार महिन्यांनी झालेलं होतं! थडग्याचा फोटो पुरावा म्हणून पुरत नाही, म्हणून मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत काढली. सगळं प्रकरण त्या एका दाखल्यावर उभं राहिलं.

लग्नाआधीची चौकशी हे दुसरं मोठं काम. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, त्यामुळे आधीचं लग्न लपवलं असेल तर मुलाच्या मागे फिरण्यापेक्षा ती नोंद शोधणं सोपं. खटले ई-कोर्ट्सवर फुकट बघता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण दुसऱ्याची खासगी माहिती त्यातून मिळत नाही.

पाळतीचं काम गोव्यात मुंबईसारखं होत नाही. सुरुवातीला सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी पिंपळाखाली स्कूटर लावून उभी राहिले. दहा मिनिटांत खिडकीतून आवाज आला, ‘कोणाक सोदता गो बाये?’, कुणाला शोधतेस गं बाई? दुपारपर्यंत ज्याच्यासाठी गेले होते त्यालाही कळलं होतं. खेड्यात जायचं तर खरं कारण घेऊन जा, देवळात, नाहीतर ओळखीच्या घरी. किनाऱ्यावर उलट आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घ्या, लोक तुम्हाला पर्यटक समजून सोडून देतात. तीच स्कूटर किनाऱ्यापासून आत, डिचोलीत नेली तर लगेच डोळ्यांत भरते. पोदेर म्हणजे पाववाला, नुस्तेकान्न म्हणजे मासेवाली आणि पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, यांना गावाची बित्तंबातमी असते. पण त्यांच्याशी खोटं बोलू नका, त्यांना पुन्हा भेटायचंच असतं.

काय करायचं नाही ते नीट ऐका. कुणाचे कॉल डिटेल्स मिळवून द्यायचे नाहीत, कितीही पैसे देऊ केले तरी. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी याच प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हना अटक केली होती. दुसऱ्याच्या फोनमध्ये ॲप टाकायचं नाही, गाडीला ट्रॅकर चिकटवायचा नाही. मुलग्यांनी हे विशेष लक्षात ठेवा: बाईची इच्छा नसताना तिचा पाठलाग करून संपर्क साधत राहणं, किंवा तिच्या ईमेल-इंटरनेटवर नजर ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी सरकारनं नेमलेल्या माणसाला त्यात सूट आहे, आपल्याला नाही.

एकदा एक गृहस्थ आले. बायको घर सोडून गेलीय, पत्ता काढा म्हणाले. दुप्पट फी टेबलावर ठेवली. बोलताना सारखी मूठ आवळत होते. मी पैसे परत सरकवले आणि पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या म्हटलं. सज्ञान बाई स्वतःहून गेली असेल तर तिचा पत्ता मी कुणाला देत नाही. फार तर ती सापडल्यावर निरोप पोचवते आणि ती म्हणेल तेच परत सांगते. हा नियम पहिल्या दिवशीच करा, कारण अशी माणसं पहिल्याच महिन्यात येतात.

पुराव्याबाबत माझी एक चूक मला महागात पडली. दोन दिवस जागून केलेला व्हिडिओ मी वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि जागा व्हावी म्हणून फोनमधला मूळ पुसला. व्हॉट्सॲपवर फाइल दाबली जाते, ती मूळ राहत नाही. पक्षकाराच्या कामाला तो आला नाही. आता मूळ कार्ड पाकिटात बंद करते, त्यावर तारीख, वेळ, सही घालते आणि काम कॉपीवर करते. 1 जुलै 2024 पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा, ती जराही बदलली तर बदलणारा अंक-अक्षरांचा संच. ती काढायला आजच शिका.

आणि वही ठेवा. माझ्या वहीत ‘संशयास्पद वागला’ असं लिहिलेलं सापडणार नाही. ‘4.10, निळा शर्ट, फार्मसीतून बाहेर, उजव्या हातात पांढरी पिशवी, एकटा’ असं असतं. सराव करायचा तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. चवरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या, माळा विकणाऱ्या एका बाईसमोर तासभर थांबा, तिच्याकडे किती गिऱ्हाइकं आली, कोण न घेता गेलं, ते मनात ठेवा. घरी येऊन लिहा. पुढच्या शुक्रवारी मैत्रिणीला सोबत न्या, दोघींनी वेगवेगळं लिहा आणि वह्या शेजारी ठेवून बघा. दोन्ही वह्या जुळायला लागल्या की या माझ्याकडे, कॅमेऱ्याचं तेव्हा बोलू.