‘निकॉनची कुठलीही लेन्स कुठेही बसते’ म्हणे!

जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करायला शिकणारी पोरं हल्ली बरीच भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला: आधी काय शिकू? मी म्हणतो, ज्या कंपनीचा कॅमेरा उघडणार आहेस तिचा इतिहास वाच. तोंडं वाकडी होतात. माझंही झालं होतं, आणि त्यापायी एका गिऱ्हाइकाचा एफएम-टू हा निकॉनचा कॅमेरा मी मोडून बसलो.

निकॉनपुरतं सांगतो. १९१७ साली मित्सुबिशीच्या पाठबळावर टोकियोत निप्पॉन कोगाकु, म्हणजे आजची निकॉन, ही कंपनी निघाली. कॅमेरे नव्हेत, दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक, पुढे लष्करासाठी अंतरमापक. निक्कोर हे लेन्सचं नाव १९३२ मधलं. कॅननच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवरसुद्धा हीच निक्कोर असायची, हे ऐकून मला आजही गंमत वाटते. स्वतःचा कॅमेरा आला तो युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये. त्याची फ्रेम २४ बाय ३२ मिलिमीटर, म्हणजे एका रोलवर चार फोटो जास्त. हिशेब चांगलाच होता, पण अमेरिकेत स्लाइडची चौकट ठरलेल्या मापाची, त्यात ही फ्रेम बसेना. पुढच्या मॉडेलमध्ये २४ बाय ३४ केली, आणि पूर्ण ३६ व्हायला १९५४ चा एस-टू उजाडावा लागला. दरम्यान १९५० मध्ये डेव्हिड डग्लस डंकन या अमेरिकी छायाचित्रकाराने टोकियोत निक्कोर हाताळली, तीच घेऊन तो कोरियाच्या युद्धावर गेला, आणि कंपनीचं नाव परदेशी संपादकांच्या तोंडी बसलं.

कॅमेऱ्यावर कोरलेल्या क्रमांकावरून साल काढायच्या भानगडीत पडू नका, हे इथेच सांगून ठेवतो. निकॉन एफ बाजारात आला १९५९ मध्ये आणि त्याचे क्रमांक सुरू होतात ६४००००१ पासून. ‘६४ म्हणजे १९६४’ असं छातीठोक सांगणारे विक्रेते मी पाहिलेत.

आता त्या एफएम-टूत मी मोडलेल्या पट्टीची गोष्ट.

एफबरोबर आला एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकते तो भाग. तीन नख्यांचा, फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर. तेव्हापासून तो बदललेला नाही, हे निकॉनवाल्यांचं अभिमानगीत. माउंट खरंच बदललेला नाही. बदललं ते त्याच्या भोवतीचं. सुरुवातीला लेन्सवर कितीचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, आहे हे कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला सांगायचं काम अपर्चर रिंगवरचा धातूचा हूक करायचा. आम्ही त्याला कान म्हणतो. बॉडीच्या मीटरची पिन त्या कानात अडकायची, मग रिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवायची. १९७७ मध्ये एआय पद्धत आली. रिंगची मागची कड एका बाजूने कापलेली, आणि बॉडीच्या माउंटभोवती एक फिरती पट्टी. लेन्स चढवली की कापलेल्या जागेचं टोक पट्टीला ढकलतं, मीटरला आकडा कळतो.

जुन्या लेन्सला ती कापलेली जागाच नाही. कड सगळीकडून भरलेली. अशी लेन्स चढवली की कड थेट पट्टीवर दाबली जाते. १९७७ च्या एफएममध्ये ही पट्टी वर दुमडता येते, म्हणून जुनी लेन्स निमूट बसते. मी तीच करामत एफएमवर दहादा केलेली. १९८२ चा एफएम-टू हातात आला तेव्हा तोच चेहरा, तेच वजन. पट्टी दुमडत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. लेन्स फिरेना, तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी जोर लावला. बारीकसा ‘कट्’ आवाज झाला. गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलं होतं.

त्यात फसवणूक अशी की समोरून पाहून कळत नाही. एआय लेन्सवरही कान ठेवलेत, जुन्या बॉडीवाल्यांच्या सोयीसाठी. त्यांना भोकं असतात आणि खाली आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असते. जुन्या लेन्सचे कान भरीव. पण कानांवरही विसंबू नका. कुणीतरी कानसीने घासून रिंग कापलेली लेन्स बाजारात सर्रास मिळते. तिचे कान भरीव, तरी ती एफएम-टूवर बसते, घासणाऱ्याचा हात बरा असेल तर. म्हणून लेन्स उलटी धरा, मागची कड अंगठ्याने चाचपा. पायरी लागली तरच चढवा. आणि लेन्स अडली की हात काढून घ्या. अडली म्हणजे काहीतरी सांगतेय.

माझे उस्ताद हे सगळं जाणून होते. बोलले कधीच नाहीत, ‘बघून शीक’ एवढंच. बघून हात शिकतो, पण त्यामागचं कारण कळत नाही, असं माझं मत झालंय. आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओवर तर माझा त्याहून कमी विश्वास: त्यात कॅमेरा आधीच दोनदा उघडलेला असतो, म्हणून स्क्रू इतक्या गुणाने निघतात.

घाबरू मात्र नका. पाठांतर लागतं ते थोडंच, आणि बरंचसं लेन्सवरच लिहिलेलं असतं. जुन्या निक्कोरपुढचं अक्षर म्हणजे आतल्या काचांची संख्या: क्यू चार, पी पाच, एच सहा, एस सात. निक्कोर-एच ५० मिलिमीटर एफ-टू उघडलीत आणि टेबलावर पाचच काचा मोजल्यात, तर सहावी कुठे गेली ते शोधा. माझी एकदा चष्म्याच्या डबीत सापडली होती.

त्या एफएम-टूची पट्टी मी पदरचे पैसे घालून दुसऱ्या मोडक्या बॉडीतून काढून बसवली, मीटर पुन्हा जुळवायला चार संध्याकाळी गेल्या. गिऱ्हाईक अजून येतं. लेन्स मात्र स्वतःच चढवतं.