पिल्लाला शी-शूची सवय: बेळगाव-खानापूरच्या पावसातही टिकणारी

कुत्र्याच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला शू धरून ठेवता येत नाही. ढोबळ हिशेब असा: जितक्या महिन्यांचं पिल्लू, तितके तास आणि वर एक. म्हणजे दोन महिन्यांचं फार तर ३ तास, तेही झोपेत. जागं असेल, खेळत असेल तर दर तासाला बाहेर न्यावंच लागतं. घरात शू झाली की समजायचं, आपल्याला उशीर झाला.

आधी जागा ठरवा, एकच. परडं असेल तर त्यातला एक कोपरा, विहिरीपासून आणि तुळशीपासून लांब. बेळगावच्या टिळकवाडीत फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीत २ बाय ३ फुटांचा ट्रे ठेवून त्यात ३ इंच माती घाला. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्याकडेची, भटकी कुत्री फिरतात ती जागा टाळायची, कारण पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची, पुढचे डोस दर ३-४ आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांपर्यंत.

दिवस असा लावा. सकाळी ६ वाजता उठताक्षणी उचलूनच बाहेर न्या. चालत सोडलंत तर सोप्यातच शूला बसेल. ७ वाजता खाणं, आणि खाल्ल्यावर ५ ते २० मिनिटांत शी येते, म्हणून लगेच बाहेर. पुढचं खाणं १२ ला, ४ ला आणि रात्री ८ ला, प्रत्येकानंतर तेच. झोपेतून उठलं की बाहेर, खेळ थांबला की बाहेर. दिवसा पाणी कधीच तोडू नका, फक्त ९ नंतर वाटी उचला. झोपायच्या आधी १० ला एकदा, मग पहिले दोन-तीन आठवडे रात्री १ आणि ४ च्या सुमाराला गजर लावून. रात्री दिवा मंद ठेवा आणि खेळू नका, नाहीतर रोज रात्री खेळायला उठवेल.

बाहेर गेल्यावर ‘शू कर’ असं एकदाच म्हणा आणि गप्प उभे राहा. घरातल्या सगळ्यांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीही तोच शब्द वापरायचा. झालं की दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरात आल्यावर दिलात तर ते आत आल्याचं बक्षीस होतं. शू झाल्या झाल्या आत ओढूही नका, दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर शू केली की मजा संपते हे त्याला कळतं आणि ते मुद्दाम लांबवतं.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ओलं गवत पोटाला लागलं की पिल्लू उंबऱ्यावरून हलत नाही. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच पत्र्याखाली ३ बाय ४ फुटांची जागा करा, वाळू-माती ३-४ इंच. जुन्या जागेतली शू लागलेली मूठभर माती त्यात मिसळा, वास ओळखून ते तिथेच बसतं. शी रोज उचला, माती आठवड्याला बदला. जुने पेपर मात्र अंथरू नका. पेपर म्हणजे शूची जागा हे एकदा डोक्यात बसलं की सकाळी खाली पडलेला ताजा पेपरही सुटत नाही.

घरात झालंच तर मारू नका, नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, आणि मग धान्याच्या पोत्यांमागे जाऊन करतं. करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचलून बाहेर न्या. फरशी जुन्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, वर बेकिंग सोडा टाकून अर्ध्या तासाने पुसा. शहाबादी किंवा कडप्पा असेल तर व्हिनेगर नको, तो दगड चुनखडीचा, डाग पडतो. फिनेल टाळा: पिल्लू पाय चाटतं आणि ते पोटात जातं. सारवलेली जमीन असेल तर वरचा थर खरवडून पुन्हा सारवा, वास आत मुरलेला असतो.

सगळं करूनही जमत नसेल तर खाणं बघा. दूध-भाकरी हे आपल्याकडचं नेहमीचं, पण बऱ्याच पिल्लांना दुधाने जुलाब होतात आणि मग वेळ पाळणं त्यांच्या हातात राहत नाही. दूध बंद करून नरम भात आणि उकडलेलं चिकन द्या, कांदा-मसाला न घालता. पाहुणे आल्यावर वाकून थोडी शू होते ती भीतीची. रागावलात तर वाढते, दुर्लक्ष केलंत तर मोठं होताना बहुतेकदा जाते. थेंब थेंब शू, करताना कण्हणं, शूतून रक्त असं दिसलं तर डॉक्टर. उलट्या आणि रक्ताचे जुलाब एकत्र दिसले तर त्याच दिवशी, दुसऱ्या सकाळची वाट न बघता.

बहुतेक पिल्लं ४ ते ६ महिन्यांची होईतो सावरतात. तोवर जेवढ्या खोलीवर नजर राहते तेवढ्यातच ठेवा. एक आठवडा घरात काहीच झालं नाही तर दोनदा बाहेर नेण्यातली वेळ अर्ध्या तासाने वाढवा आणि आणखी एक खोली उघडा. पुन्हा चुकलं तर ती खोली बंद करून आधीच्या वेळेवर या.